पंधरा अक्षरांचे नाव

बुऱ्हाणपुरास तापीकाठी, राजघाटाच्या बाजूस आमचे एक आतेबंधू राहतात. यंत्रमागाच्या कापडाचा त्यांचा बेताचाच व्यवसाय आहे. मागील पावसाळ्यात आम्ही त्यांच्याकडे गेलो तो नेमका शनिवार, म्हणजे कामगारांच्या पगाराचा दिवस होता. आणि पेढीत मोठा गोंधळ माजला होता. हिशेबाच्या वह्या ज्या संगणकात होत्या तो जागेवर होता, चालूही होता. परंतु कारकुनाच्या मेजावरील संगणकास तो काही केल्या सापडेना. ओट्यावर कामगार खोळंबलेले, आणि सारा रोष त्या कोवळ्या कारकुनावर. “काका, मी कशालाही हात लावलेला नाही हो,” एवढेच तो बिचारा पुनःपुन्हा सांगत होता.

पेढीतील तिन्ही यंत्रे विंडोज एक्सपीची. मायक्रोसॉफ्टने त्यांची देखभाल 2014 च्या एप्रिलात थांबविली. तरी जुना हिशेबाचा प्रोग्राम त्यांवरच चालतो, म्हणून ती ठेवलेली. इंटरनेटला मात्र ती जोडलेली नव्हती, हे शहाणपणाचेच म्हणावयाचे.

अशा यंत्रांची एक रीत आहे. चालू होताच प्रत्येक यंत्र तारेने जोडलेल्या इतर यंत्रांना पुकारून विचारते की, हे नाव मी घेतो, कोणाची हरकत आहे काय? हरकत आली नाही तर नाव त्याचे. आली, तर त्याची नोंद होत नाही, आणि मग त्या नावाने हाक मारली असता ते ओ देत नाही. हे नियम 1987 साली लिहिले गेले. मोठ्या कचेऱ्यांत पुकाऱ्याऐवजी विन्स नावाची नोंदवही असते. विंडोज 98 सारखी आणखी जुनी यंत्रे तर डीएनएस या आजच्या नोंदवहीत आपले नाव स्वतः लिहूच शकत नाहीत. क्रमांक वाटून देणाऱ्या डीएचसीपी यंत्राकडून ते लिहवून घ्यावे लागते.

आम्ही प्रथम कारकुनाच्या यंत्रावरून हिशेबाच्या यंत्रास नावाने नव्हे, क्रमांकाने हाक मारली. ‘पिंग’ या आज्ञेने ते होते. उत्तर तत्काळ आले. तेव्हा तार शाबूत होती. मग हिशेबाच्या यंत्रावर ‘एनबीटीस्टॅट’, पुढे जागा सोडून आडवी रेघ आणि ‘एन’ असे लिहिले. त्याच्या नावापुढे ‘कॉन्फ्लिक्ट’ हा शब्द उमटला. नाव दुसऱ्या कोणीतरी आधीच घेतले होते!

तो दुसरा म्हणजे मालकांचा आठवड्यापूर्वी घेतलेला जुना संगणक. “छे, त्याचे नाव निराळे आहे,” आतेबंधू म्हणाले. “हिशेबाचा तो ‘बुऱ्हाणपूर ऑफिस 1’, माझा तो 2.” आम्ही बोटांवर अक्षरे मोजली. इंग्रजीत बुऱ्हाणपूरची 9, ऑफिसची 6, झाली 15. या पद्धतीत नावाला एवढीच जागा असते. सोळावी जागा यंत्र कोणती सेवा देते या खुणेसाठी राखलेली. शेवटचे 1 आणि 2 गळून दोन्ही नावे एकच झाली होती. नाव लिहिताना यंत्राने तशी सूचना दिली असणार. ती न वाचताच मान्य केली गेली.

पण मग आठवडाभर काम बिनबोभाट चालले कसे? रोज कारकून आधी येऊन हिशेबाचे यंत्र चालू करी, म्हणून नाव त्यास मिळे. त्या शनिवारी आतेबंधू स्वतः पहाटे पेढीत आले, आणि त्यांनी प्रथम आपले यंत्र चालू केले.

ते क्षणभर गप्प झाले. मग आपल्या यंत्रास त्यांनी ‘राजघाट’ हे सात अक्षरी नाव दिले आणि दोन्ही यंत्रे बंद करून पुन्हा चालू केली. अकराच्या सुमारास पगारवाटप सुरू झाले. “अरे, आधी चहा घे, मग मोजायला बस,” ते कारकुनाला म्हणाले.