जुन्या लॅपटॉपसाठी नव्या कॉम्प्युटरचं कुलूप काढू नका

मीरा-भाईंदर : विंडोज १० ला मोफत सुरक्षा अपडेट देणं मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबवलं. विंडोज ७ चं तर १४ जानेवारी २०२० लाच थांबलं होतं. तरीही भाईंदर पूर्वेचे स्टीलचे गाळे असोत, उत्तन-चौकची दुकानं असोत की इकडे शहापूर-मुरबाडची झेरॉक्स सेंटरं, दहा-बारा वर्षांचे लॅपटॉप रोज सकाळी सुरू होतातच.

यात नुसता कंजूषपणा नाही. श्रीलिपीत टाइप केलेले अर्जांचे नमुने त्यात असतात, पैसे मोजून घेतलेलं हिशोबाचं सॉफ्टवेअर असतं आणि एखादा प्रिंटर असा असतो की नव्या विंडोजवर त्याचा ड्रायव्हरच मिळत नाही. विंडोज ११ टाकावं म्हटलं तर टीपीएम २.० आणि साधारण २०१७-१८ नंतरचा प्रोसेसर लागतो. म्हणजे जुनं टाकवत नाही आणि नवं त्यावर चढत नाही.

खरी अडचण येते ती शेजारच्या टेबलावर नवा कॉम्प्युटर आल्यावर. दोन्ही एकाच राउटरवर, इंटरनेटही चालू, पण जुन्या लॅपटॉपमधला फोल्डर नव्यावर उघडत नाही. मग राउटर बंद-चालू कर, केबल बदल, असं सुरू होतं. दोष बहुतेक वेळा राउटरचा नसतोच. एकाच नेटवर्कवरचे कॉम्प्युटर ज्या पद्धतीने एकमेकांकडे फाइल मागतात तिला एसएमबी म्हणतात. विंडोज एक्सपीला तिची फक्त पहिली, जुनी आवृत्ती कळते. २०१७ च्या अखेरच्या विंडोज १० पासून मायक्रोसॉफ्टने ती आवृत्ती मुळातच बंद ठेवायला सुरुवात केली. एकाला जुनीच बोली येते आणि दुसरा ती ऐकून घेत नाही, असा हा प्रकार.

यावर दुरुस्तीवाल्याकडे दोन मिनिटांचा उपाय असतो. नव्या कॉम्प्युटरच्या विंडोज फीचर्समध्ये जायचं, ‘एसएमबी १.०’ वर टिक करायची. फोल्डर उघडतो, गिऱ्हाईक खूश. पण धोका नेमका इथेच आहे. या टिकने जुना लॅपटॉप सुधारत नाही, नवा कॉम्प्युटर जुन्याच्या पातळीला येतो.

ती आवृत्ती बंद का केली, याचं उत्तर फार लांब शोधायला नको. २७ जून २०१७ ला ‘नॉटपेट्या’ हा व्हायरस जगभर पसरला आणि उरण तालुक्यातल्या जेएनपीटी बंदरात मर्स्क समूहाच्या टर्मिनलचं काम ठप्प झालं, कंटेनर साचले. त्या व्हायरसचा रोख न्हावाशेव्यावर नव्हताच. तो सुटला युक्रेनमधल्या एका हिशोबाच्या सॉफ्टवेअरमधून. आत शिरल्यावर एका कॉम्प्युटरवरून दुसऱ्यावर जायला त्याने चोरलेले पासवर्ड वापरले आणि याच जुन्या एसएमबीमधली फटही वापरली. ती फट बुजवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टने तीन महिने आधी, मार्च २०१७ मध्येच दिलं होतं. ‘आमच्या गावातल्या लॅपटॉपला कोण कशाला हात लावतंय’ असं म्हणणाऱ्यांनी हे जरूर लक्षात घ्यावं. असा व्हायरस नाव-गाव विचारत नाही, उघडं दार सापडलं की शिरतो.

आणि हा प्रश्न फक्त दुकानदाराचा नाही. ऑनलाइन अर्ज भरून देणाऱ्या सेंटरच्या लॅपटॉपवर गावकऱ्यांच्या आधारच्या, सातबाऱ्याच्या, बँक पासबुकच्या स्कॅन केलेल्या प्रती पडून असतात. काम झाल्यावर ‘आमच्या फायली डिलीट केल्या का?’ असं विचारायला कुणी लाजू नये.

मग जुना लॅपटॉप जोडायचाच नाही का? विंडोज ७ असेल तर काम होऊ शकतं. तिला एसएमबीची दुसरी आवृत्ती कळते, त्यामुळे ती टिक लागतच नाही. तिथे बहुधा आडवा येतो बिनपासवर्डचा फोल्डर. विंडोज ११ प्रोच्या २४एच२ आवृत्तीपासून असं शेअरिंग आपोआप नाकारलं जातं. जुन्या लॅपटॉपवर पासवर्ड असलेलं एक खातं तयार करावं, फोल्डर त्या खात्यालाच शेअर करावा आणि नव्या कॉम्प्युटरवर तेच नाव-पासवर्ड टाकावं. मात्र या लॅपटॉपवर ईमेल, बँकेचं काम नको. एक्सपीवाल्याला नेटवर्कपासून लांबच ठेवलेलं बरं; प्रिंटपुरता वापरावा, फाइल पेन ड्राइव्हने न्यावी आणि तो ड्राइव्ह नव्या कॉम्प्युटरवर आधी स्कॅन करावा. ज्या जुन्या लॅपटॉपला फक्त इंटरनेट हवं, त्याला राउटरमधलं ‘गेस्ट’ वायफाय द्यावं. बहुतेक राउटरवर गेस्टवरच्या मशीनला आतले बाकीचे कॉम्प्युटर दिसत नाहीत.

काही वेळा दुखणं साधंच असतं. मोबाइलचा हॉटस्पॉट जुन्या लॅपटॉपवर दिसतच नसेल तर हॉटस्पॉटच्या सेटिंगमध्ये ५ गिगाहर्ट्झऐवजी २.४ गिगाहर्ट्झ निवडावं. जुन्या वायफायला तेवढंच पकडता येतं. वायफाय जोडलंय पण साइट ‘सुरक्षित नाही’ म्हणून उघडत नसेल, तर आधी तारीख पाहावी. आतला बटण सेल संपला की लॅपटॉप कित्येक वर्षं मागे जातो.

विंडोज १० वाल्यांना थोडी सवड आहे. घरगुती वापरासाठी वाढीव सुरक्षा अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतील. त्यासाठी २२एच२ आवृत्ती लागते. मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन करून सेटिंग्जचा बॅकअप सुरू केला तर पैसे पडत नाहीत. नोंदणी सेटिंग्जमधल्या विंडोज अपडेटच्या पानावरूनच होते.