मागून येणाऱ्यांच्या खिशातून
बिटकॉइनचा भाव खुल्या बाजारात ठरतो, म्हणून तो न्याय्य, असा युक्तिवाद केला जातो. २००९ साली घरच्या संगणकावर व्यवहारांच्या नोंदींचा एक गठ्ठा सिद्ध करणाऱ्यास ५० नाणी मिळत. एप्रिल २०२४ पासून ३.१२५ मिळतात, तीही मुख्यतः यंत्रांची गोदामे उभारणाऱ्या भांडवलदारांना. पहिल्यांनी धोका पत्करला म्हणे; तो वीजबिलाएवढा! हे नाणे धान्य पिकवीत नाही, कापड विणीत नाही. मग आधी आलेल्याचा नफा मागून येणाऱ्याच्या खिशातूनच यावयाचा. नोव्हेंबर २०२१ मध्ये सुमारे ६९ हजार डॉलर मोजणाऱ्यापाशी २०२२ अखेर १७ हजारांचाही ऐवज उरला नव्हता. पुढे भाव चढला, तो आणखी नवे खरेदीदार आले म्हणून. दार सर्वांना खुले होते, असे सांगणाऱ्यांनी ते २००९ साली किती जणांना ठाऊक होते, हेही सांगावे.