चेऊलकर कोणत्या मुळाचे?

'मुळांकडे परत चला' ही हाक मराठी समीक्षेत इतक्या वेळा दिली गेली आहे की, ही मुळे नेमकी कुठे आहेत असे विचारणेही आता अप्रस्तुत ठरू लागले आहे. भालचंद्र नेमाडे यांनी देशीयतेची मांडणी केली ती वासाहतिक न्यूनगंडाविरुद्ध, आणि तिचे मोल आम्ही नाकारीत नाही. आमचे भांडण आहे ते त्या मांडणीचा परीक्षेपुरता संक्षेप करून 'देशी' या शब्दाला जन्मदाखल्याची कळा आणणाऱ्यांशी. माणसाची सांस्कृतिक ओळख त्याच्या उगमावरून ठरते, हे त्यांचे गृहीतक. ते घेऊन त्यांनी एकदा अलिबाग तालुक्यातल्या चौलला यावे.

अल-मसूदी इसवी सन ९१६ मध्ये सैमूरला, म्हणजे इतिहासकारांच्या मते या चौललाच, आला तेव्हा त्याने सुमारे दहा हजार मुसलमानांची वस्ती नोंदवली. त्यांत सीराफ, ओमान, बसऱ्याहून आलेले होते, तसे येथेच जन्मलेलेही होते. आणि या दुसऱ्यांना 'बयासिरा' असे वेगळे नावच होते. इथे जन्मलेल्याला परका म्हणावे की इथला, या पेचासाठी हजार वर्षांपूर्वी एक शब्द पुरला. (आपण अद्याप परिसंवाद भरवीत आहोत.)

याच परिसरातले बेने इस्रायल घ्या. तेलाचे घाणे चालवणारे आणि शनिवारी काम बंद ठेवणारे, म्हणून 'शनिवार तेली'. गावाने त्यांना जातीच्या उतरंडीत बसवले हे विसरून गोडवे गाण्याची आमची इच्छा नाही. पण त्यांची आडनावे पाहा: किहीमकर, नवगावकर, चेऊलकर. 'बूट पॉलिश' (१९५४) मधला जॉन चाचा साकारणारे डेव्हिड हे डेव्हिड अब्राहम चेऊलकर. हा 'कर' वंश विचारीत नाही, वास्तव्य सांगतो.

वंशाची विचारणा झाली ती 'मूळ भूमी'त. १९४८ नंतर हे लोक इस्रायलला जाऊ लागले, आणि १९६०च्या दशकाच्या आरंभी तिथल्या धर्मपीठाने त्यांच्या विवाहांपूर्वी पूर्वजांची चौकशी करावी असे ठरवले. आंदोलने झाली, ते सर्वार्थाने ज्यू आहेत हे १९६४ मध्ये संसदेला सांगावे लागले. आणि याच समाजाने पुढे तिथे मराठी नियतकालिक काढले, त्याचे नाव 'मायबोली'. मुळांकडे परतल्यावर माणसाला मराठी आठवते, याचा उलगडा आमच्या मूळवाद्यांनी करावा.

रेवदंड्याची खाडी ओलांडली की कोर्लई. १७४० मध्ये मराठ्यांनी हा मुलूख घेतला, पोर्तुगीज गेले, त्यांची भाषा मात्र इथल्या ख्रिस्ती वस्तीत राहिली. बोलणारे तिला 'नॉ लिंग', आपली भाषा, म्हणतात. क्लॅन्सी क्लेमेंट्स यांनी तिच्यावर १९९६ मध्ये ग्रंथ लिहिला. तिचे शब्द बहुतांशी पोर्तुगीज. पण मराठीच्या सहवासाने क्रियापद वाक्याच्या शेवटी जाऊन बसले आहे. शब्दांची झडती घेणाऱ्याला इथे परकेपणा दिसेल. वाक्यरचना ऐकणाऱ्याला मराठी ऐकू येईल. संस्कृती माणसात मुरते ती अशी, त्याने न ठरवता, शेजाऱ्याशी बोलता बोलता. उगमाचा शोध घेणारी समीक्षा हा शेजारच वगळते आणि पाहता पाहता माणसांच्या मुळावर उठते.

हे किनाऱ्यावरचे अपवाद आहेत, असे कुणी म्हणेल. अशांनी घाटावरच्या शेतकऱ्याच्या घरातले घमेले, चावी आणि पगार हे शब्द आधी पोर्तुगालला परत पाठवावेत. मग आपण अपवादांविषयी बोलू.

तोवर वाङ्मयेतिहासाच्या संपादकांना आमचा एक साधा प्रश्न आहे. १८८०च्या सुमारास मुंबईत बेने इस्रायलांनी बायबलमधल्या आख्यानांवर मराठी कीर्तने रचली आणि उभी केली. कथा हिब्रू, भाषा मराठी, आणि कीर्तनाची परंपरा आपल्या देवळांतली. ही कीर्तने आपण कोणत्या प्रकरणात छापणार आहात?