राबत्या खांद्यांचा सण
विदर्भ, मराठवाडा आणि खानदेशात बैलांचा सण पोळा श्रावण अमावास्येला येतो. पश्चिम महाराष्ट्रात अनेक गावी त्याच अर्थाचा बेंदूर आषाढात होतो. सणाचा गाभा मात्र आदल्या संध्याकाळी, खांदेमळणीत असतो. जुवाने घट्टे पडलेले बैलाचे खांदे हळद आणि तेल-तुपाने चोळले जातात आणि त्याला दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचे आवतण दिले जाते. कृतज्ञता इथे हाताला जाणवते, म्हणून ती घरातल्या लहानांनाही कळते. चोळायला त्यांनाही बसवावे. पोळ्याच्या दिवशी बैलाच्या मानेवर जू ठेवत नाहीत. न्हाऊ घालून, शिंगे रंगवून, झूल पांघरून त्याला गावच्या तोरणाखाली नेतात. पोळा फुटला, म्हणजे तोरण तोडून बैल सुटले, की बैल दारी येतो, घरधनीण ओवाळते आणि पुरणपोळीचा पहिला घास त्याचा. वर्षभर बैलांमागे राबणाऱ्या सालगड्यालाही नवे कपडे देण्याची रीत आहे, आणि ती पुरणपोळीइतकीच महत्त्वाची. नागपूरकडे दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा भरतो: मुले सजवलेले लाकडी बैल घेऊन घरोघर जातात, बोजारा म्हणजे खाऊ-पैसे मिळवतात. ट्रॅक्टर आल्यापासून अनेक गोठे रिकामे झाले. अशा घरी मातीची बैलजोडी पाटावर पुजली जाते, आणि शहरातली भावंडे त्या निमित्ताने गावी येतात.