जुन्या खुर्चीला ‘नवी’ करू नका!

१/ पणजोबांच्या खुर्चीवर पॉलिश पेपर फिरतो, काळपट थर भुकटी होऊन उडतो, शेवटी आरशासारखी चकाकी येते आणि टाळ्या पडतात. अशा चित्रफिती आपण सर्वांनीच पाहिल्या आहेत. यास ‘जीर्णोद्धार’ म्हणतात. माझ्या मते हा पुराव्याचा नाश आहे. कारणे मांडतो. 🧵

२/ इतिहास केवळ बखरींत आणि ताम्रपटांत नसतो. लाकडी वस्तू हाही दस्तऐवजच. तो वाचण्याची जागा मात्र वेगळी असते: पाठ, बूड, खणाची आतली बाजू. हातकरवतीच्या खुणा सरळ आणि असमान असतात, यंत्राच्या गोल करवतीच्या कमानदार. मूळचा स्क्रू बोथट टोकाचा निघाला, तर तो बहुधा १९व्या शतकाच्या मध्यापूर्वीचा. टोकदार स्क्रू त्यानंतर रूढ झाले.

३/ लाकूड स्वतःही साक्ष देते. ते रेषांच्या दिशेने जवळजवळ आकसत नाही, आडवे मात्र आकसते. म्हणून जुने गोल टेबल मोजले, तर बहुधा किंचित लंबगोल भरते.

४/ आता वरच्या थराकडे या. १९व्या शतकातील उंची फर्निचरवर फ्रेंच पॉलिश असे, म्हणजे स्पिरिटमध्ये विरघळवलेली लाख, कापडाच्या बोळ्याने थरावर थर चढवलेली. ही लाख पळस, बोर, कुसुम या झाडांवरील कीटकांची. युरोपला ती प्रामुख्याने भारतातूनच जाई. नाव फ्रेंच, द्रव्य आपले! तुम्ही खरवडता तो ‘मळ’ नव्हे, हा व्यापाराचा इतिहास आहे.

५/ लाखेचा थर स्पिरिटने पुन्हा विरघळतो, जुना सरस उष्णतेने आणि ओलाव्याने सुटतो. म्हणजे त्या कारागिरांनी पुढच्या दुरुस्तीची वाट मोकळी ठेवली होती. आपण पॉलियुरेथेन फासतो आणि ती वाट बुजवतो. तो थर काढायचा, तर अनेकदा पुन्हा लाकूडच खरवडावे लागते.

६/ सर्वांत मोठी हानी नक्षीची. १९व्या शतकात मुंबईत घडलेले शिसवी फर्निचर ‘बॉम्बे ब्लॅकवुड’ या नावाने ओळखले जाते. त्यावरील दाट वेलबुट्टी कोरणाऱ्या बहुतेक हातांची नावे कोणी नोंदवली नाहीत. पटाशीची धारदार कड हीच त्यांची सही. पॉलिश पेपर पहिल्यांदा तीच कड बोथट करतो.

७/ “मग काय वाळवीला खाऊ द्यायचे?” मुळीच नाही. १८७७ मध्ये विल्यम मॉरिस यांनी जुन्या इमारतींच्या रक्षणासाठी इंग्लंडमध्ये संस्था काढली, ती अशाच खरवडण्याच्या विरोधात. त्यांचा आग्रह पडझड होऊ देण्याचा नव्हता, नित्य निगराणीचा होता. जतनाची सूत्रे आज तीनच: कमीत कमी हस्तक्षेप, पुन्हा उलटवता येईल अशी दुरुस्ती आणि प्रत्येक बदलाची नोंद.

८/ व्यवहारात याचा अर्थ असा: आधी छायाचित्रे घ्या. मऊ, कोरड्या कुंचल्याने धूळ झाडा. वस्तू थेट उन्हापासून आणि ओल्या भिंतीपासून दूर ठेवा. खाली ताजी भुकटी पडत असेल, तर कीड जिवंत असण्याची शक्यता आहे. ती वस्तू वेगळी ठेवून जाणकारास दाखवा. निखळलेला सांधा सरसानेच बसवून घ्या.

९/ “वस्तू आमची, मर्जी आमची,” हेही ऐकू येते. १९७२ चा पुरावस्तू कायदा शंभर वर्षांहून जुन्या कलावस्तू देशाबाहेर नेण्यास आडकाठी करतो. घरातल्या पॉलिश पेपरला तो अडवत नाही. तिथे पहारा आपलाच.

१०/ गडाच्या तटावर नाव कोरणाऱ्यावर आपण संतापतो, ते रास्तच. पण तो पानावर एक ओळ खरडतो. आपण घरी अख्खे पान पुसतो. दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरची पेटी खाली काढाल, तेव्हा पॉलिशवाल्याला बोलावण्यापूर्वी ती एकदा उलटी करून वाचा.