जमिनीखालचे पाणी कोणाच्या नावावर?

एप्रिल २०२५ मध्ये मुंबईतल्या टँकरवाल्यांनी संप केला. केंद्रीय भूजल प्राधिकरणाच्या नियमांवर बोट ठेवून महापालिकेने विहिरी आणि बोअरवेलच्या मालकांना नोटिसा काढल्या होत्या, त्याविरुद्ध १० तारखेपासून टँकर उभे राहिले. पालिकेने आपत्ती व्यवस्थापन कायद्याचा बडगा उगारला, मग नोटिसांना तात्पुरती स्थगिती मिळाली आणि चार-पाच दिवसांत सगळे मिटले. या भांडणात मालक होते, पालिका होती, दिल्लीचे प्राधिकरण होते. पिंप रिकामे राहिले म्हणून जिचा दिवस कोलमडला ती बाई मात्र कुठल्याच बैठकीत नव्हती.

मुंबईला पाणी येते ते धरणांतून, मग विहिरींचा एवढा ऊहापोह कशाला, असे आपल्यापैकी अनेकींना वाटेल. पण हे शहर मुळात विहिरी-तलावांवरच जगले. १८६० मध्ये विहारचे पाणी येईपर्यंत दुसरा आधार नव्हता. धोबीतलाव, सी. पी. टँक, गोवालिया टँक, दोनटाकी ही नुसती बसथांब्यांची नावे नव्हेत. नळ आल्यावर तलाव बुजले, मलेरियाच्या भीतीने अनेक विहिरी झाकल्या गेल्या. जमिनीखालचे पाणी मात्र राहिले आणि आता त्याला बाजारभाव आला आहे. बांधकामाला, हॉटेलला, टॉवरमधल्या फ्लशला तेच पाणी जाते.

ते कोणाचे? १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यापासून उत्तर एकच: ज्याची जमीन त्याचे पाणी. गिरगावात किंवा लालबागमध्ये याचा अर्थ काय होतो ते पाहा. चाळीची जमीन घरमालकाची. भाडेपावती नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या नावावर. पुनर्विकास झाला की सोसायटीचे भागपत्रही बहुधा त्याच्याच नावावर. पहाटे नळाला पाणी येते तेव्हा उठणारी आणि नळ गेल्यावर दोन बादल्यांत घर चालवणारी बाई कुठल्याच कागदावर नाही. जिथे मालकीवरून हक्क ठरतो, तिथे तिचा हक्क सुरूच होत नाही.

सरकारने कायदे केले नाहीत असे नाही. केंद्रीय प्राधिकरण १९९७ मध्ये आले. महाराष्ट्राने १९९३ मध्ये पिण्याच्या पाण्यापुरता आणि २००९ मध्ये व्यापक भूजल कायदा केला. तो अमलात यायला २०१४ उजाडले. वर राज्य प्राधिकरण, खाली पाणलोट क्षेत्राच्या समित्या, अशी त्याची रचना आहे. डोंगरउताराच्या गावात ती समजते. परळ-दादरचा पाणलोट कोणता? हिंदमाताला तुंबणारे पाणी कोणत्या समितीचे? शहर या कायद्याच्या डोळ्यांपुढे फारसे नव्हतेच.

परिणाम काळबादेवीत दिसला. एका इमारतीच्या विहिरींतून अकरा वर्षे बेकायदा पाणी उपसून सुमारे ७३ कोटी रुपयांना विकल्याचा आरोप झाला, आणि २०१९ मध्ये आझाद मैदान पोलीस ठाण्यात चोरीचा गुन्हा नोंदवला गेला. हे बाहेर आले ते माहितीच्या अधिकारामुळे. दिवाणी कायदा म्हणतो पाणी मालकाचे, फौजदारी तक्रार म्हणते सरकारचे. शेजारच्या गल्लीचे ते असू शकते, हे कोणीच म्हटले नाही.

म्हणून कोणती व्यवस्था निवडायची हा प्रश्न तज्ज्ञांवर सोडून चालणार नाही. सगळे परवाने प्राधिकरणाच्या हाती दिले तर दिल्लीत किंवा मंत्रालयाजवळ कोण पोचू शकतो, हे आपल्याला माहीत आहे. सोसायट्यांवर सोडले तर ज्याचा पंप मोठा त्याचे पाणी, आणि समुद्राकाठच्या या बेटावर फार उपसा झाला की खारे पाणी आत येते. ते प्लॉटची हद्द पाहत नाही. माझ्या मते प्रत्येक वॉर्डात, सी, डी, एफ-दक्षिण, जी-उत्तर, भूजल समिती हवी. परवाना देणे, रोखणे आणि उपशाचे मीटर तपासणे हे तिचे अधिकार असावेत. नुसती ‘सल्लागार’ समिती नको. सल्ला आपण पुष्कळ दिला आहे.

यासाठी आपल्याकडे धडा आहे. विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यात नायगावला सत्तरच्या दशकात पाणी पंचायत उभी केली तेव्हा पाणी जमिनीच्या प्रमाणात न देता माणशी दिले, भूमिहीनालाही वाटा धरला आणि ऊस बंद ठेवला. जमीन आणि पाणी यांची गाठ तोडता येते, हे तिथे सिद्ध झाले. शहरात त्याचा अर्थ असा: समितीवर बसायला भाडेपावती लागू नये, राहण्याचा कोणताही पुरावा पुरावा. पोटभाडेकरू, फुटपाथवर राहणाऱ्या, घरकाम करणाऱ्या बायकाही त्यात आल्या पाहिजेत.

निम्म्या जागा बायकांना, हे ओघाने आलेच. पण सावध राहू या. पालिकेत २०१२ पासून निम्म्या जागा स्त्रियांच्या आहेत, तरी कितीतरी कार्यालयांत खुर्चीमागे नवरा उभा दिसतो. शिवाय मार्च २०२२ नंतर जवळपास चार वर्षे नगरसेवकच नव्हते, सगळा कारभार प्रशासकाकडे. समिती नगरसेवकांवर टांगलेली असेल तर तीही अशीच लटकेल. आणखी एक धोका: पाणी भरणे बाईचे काम, तेव्हा समितीही तिच्याच गळ्यात, फुकट. बैठकभत्ता हवा, आणि बैठकीची वेळ पाणी येण्याची किंवा स्वयंपाकाची नको. यात हसण्यासारखे काही नाही. वेळ चुकीची ठेवून आपल्याला बाहेर ठेवणे फार सोपे असते.

टॉवरमधल्या आणि चाळीतल्या बायकांचे हितसंबंध एक नाहीत, हेही बोलावे लागेल. एकीच्या तळघरासाठी उपसलेले पाणी दुसरीच्या विहिरीतून कमी होते. भगिनीभावाच्या नावाखाली हे झाकू नये; समितीतच भांडू या.

सुरुवात वॉर्ड ऑफिसपासून करता येईल. आपल्या वॉर्डात विहिरी आणि बोअरवेल किती, परवाने कोणाच्या नावावर, रोज टँकर किती भरतात, एवढी माहिती प्रत्येक गटाने लेखी अर्ज करून मागवावी. यादी हातात आली की ती चाळीच्या फलकावर मराठीत लावा.