आजीचं कॅलेंडर चुकलंय का?

मंडळी, तुमच्या घरी कधी असं झालंय का? नातवाच्या वहीत लाल फुली पडावी, आणि उत्तर मात्र तुम्ही सांगितलेलं असावं!

माझ्यावर ही वेळ आली जुलै २०२५ मध्ये. नातू इथे रायपूरला तिसरीत होता आणि वर्गात तो आठवडा हरेलीचा चालला होता. हरेली म्हणजे छत्तीसगडच्या शेतकऱ्यांचा सण. नांगर, कुदळ धुऊन पुजायची, दाराला कडुलिंबाची डहाळी खोचायची, गुळाचा चीला करायचा. मुलांना वेध गेंडीचे! गेंडी म्हणजे बांबूच्या दोन उंच काठ्या, त्यांवर पाय ठेवून चालायचं.

सोमवारचा गृहपाठ होता : हरेली कोणत्या महिन्यात येते? मी भिंतीवर बघून सांगितलं, "आषाढ अमावस्या. आपली दिव्यांची अवस." मंगळवारी फुली. बरोबर उत्तर, सावन.

"आजी, तुझं कॅलेंडर चुकलंय."

फुलीचं मला काही वाटलं नाही. पण बुधवारी शेतीच्या अवजारांची चित्रं काढताना मी म्हटलं, "हा नांगर," तर तो म्हणाला, "तू राहू दे, मी मॅडमना विचारतो." हे मात्र लागलं. गंमत बघा, पुस्तकातल्या हिंदीत 'हल' असलं तरी छत्तीसगडीत नांगराला नांगरच म्हणतात. कोल्ह्याला कोलिहा. घरचा शब्द गल्लीतही चालतो, फक्त पुस्तकात नसतो म्हणून मूल तो गिळून टाकतं.

गुरुवारी, २४ तारखेला, हरेलीची सुट्टी. सकाळी शेजारून चीला आला. संध्याकाळी आम्ही घासलेले दिवे पाटावर मांडले, कणकेचे दिवे उकडले. अमावस्या एकच होती, मग महिने दोन कसे?

शुक्रवारी कॅलेंडर पिशवीत घालून शाळेत गेले. खरं सांगते, जिना चढताना पाय जड झाले होते. या वयात तक्रार करणारी आजी कोणाला व्हायचंय? मॅडम तरुण. आधी म्हणाल्या, "आंटीजी, किताब में तो सावन ही है।" मग वर्गातल्या पंचांगाशी माझं कॅलेंडर ताडून बघत बसल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, "ये तो मुझे भी नहीं पता था।" तिसरीच्या वर्गासमोर असं म्हणायला धीर लागतो.

शनिवार बिनदप्तराचा. मॅडमनी मुलांकडून कागदाचे चंद्र कापून घेतले, दर दिवसाला एक, आणि ओळीने दोरीवर चिकटवले. खाली दोन रंगांची लोकर ताणली. निळी इथल्या सावनची : ११ जुलै ते ९ ऑगस्ट. लाल आपल्या श्रावणाची : २५ जुलै ते २३ ऑगस्ट. मग मुलांनीच शोधून काढलं. इथला महिना पौर्णिमेला संपतो, आपला अमावस्येला. त्यामुळे शुक्ल पक्षात दोन्ही लोकरी बरोबर चालतात आणि राखी दोघांची श्रावणातच येते. कृष्ण पक्षात मात्र नावं वेगळी. म्हणून हरेलीचा सावन आमच्याकडे आषाढ. वर्गातली एक गुजराती मुलगी उठून म्हणाली, आमचा श्रावणही उशिराच लागतो. नातवाने मागे वळून तिच्याकडे असं पाहिलं, जणू हरवलेली बहीण सापडली!

हा खेळ तुम्हीही घरी करून बघा. कागद, कात्री, लोकर आणि कुठलंही पंचांग पुरे. मुलांना कृष्ण पक्षातले सण हुडकायला सांगा. जन्माष्टमी आपली श्रावणात, उत्तरेत भादोंमध्ये. महाशिवरात्र आपली माघात, तिकडे फाल्गुनात. आमच्या वर्गाला सगळ्यात आधी दिवाळी सापडली, आपली आश्विन अमावस्या, त्यांची कार्तिक. त्यावर कोणीतरी विचारलं, मग सुट्ट्या दोनदा का नाहीत? मॅडमकडे उत्तर नव्हतं, माझ्याकडेही नाही.

फुली वहीत तशीच आहे. तिच्याशेजारी मॅडमनी बारीक अक्षरात लिहिलंय, 'मराठी पंचांग से सही.' नातवाने ते आल्यागेल्याला चार वेळा दाखवून झालं. कॅलेंडर मात्र वर्गाने ठेवून घेतलं, त्यामुळे चतुर्थी कधी ते मी हल्ली मोबाइलवर बघते.